चित्रात दोघे, नाटकात सभा

वऱ्हाडातील जुन्या व्यापारी घरांत देवघराची भिंत आणि पेढीची भिंत यांत एक गोष्ट समान असे. दोन्हीकडे काचेच्या चौकटीत बसवलेली रंगीत चित्रे टांगलेली असत. अकोल्यातील अडतीचे दुकान असो की अमरावतीतील कापडाची पेढी, दिवाळीत भगवान महावीरांच्या निर्वाणाचे स्मरण करून वहीपूजन होई, तेव्हा ज्या लक्ष्मीसमोर दिवा लागे, ती लक्ष्मी पुष्कळदा राजा रविवर्मा यांच्या चित्रावरून छापलेली असे. शकुंतला, दमयंती, मेनका, हरिश्चंद्र-तारामती ही मंडळीही याच वाटेने घराघरांत आली. पुराणातील व्यक्ती दिसते कशी, नेसते कसे, उभी राहते कशी, याची ओळख दोन-तीन पिढ्यांना या चित्रांनीच करून दिली.

चित्राचा एक स्वभाव आहे. ते एक क्षण पकडते आणि तेथेच थांबते. आधी काय घडले हे पाहणाऱ्याने आठवायचे आणि पुढे काय होईल हे त्यानेच कल्पायचे. नाटकाला तशी मुभा नसते. पडदा वर गेला की काळ पुढे सरकू लागतो, पात्रांना बोलावे लागते, आणि शेवटचा पडदा पडण्यापूर्वी कोणता तरी निर्णय द्यावाच लागतो. त्यामुळे एखाद्या चित्रावरून नाटक उभे राहते, तेव्हा चित्रकाराने मोकळी ठेवलेली जागा नाटककाराला भरावी लागते. ती तो कशाने भरतो, यावरून त्याचा काळ आणि त्याच्या प्रेक्षकांचे मन कळून येते.

मराठी रंगभूमीवर याचे एक ठळक उदाहरण आहे. रविवर्म्यांचे ‘कीचक आणि सैरंध्री’ हे चित्र १८९० चे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ हे नाटक १९०७ चे. या नाटकाच्या विषयाची चेतना खाडिलकरांना त्या चित्रातून मिळाली, असे अभ्यासक सांगतात. चित्र राजवाड्यांत आणि प्रदर्शनांत वाखाणले गेले. नाटकावर मात्र अवघ्या तीन वर्षांत सरकारने बंदी घातली. कथा एकच, पात्रे तीच. मग चित्रात नसलेले असे काय नाटकात होते, की ज्याची राज्यकर्त्यांना धास्ती वाटावी?

कथा सर्वांना ठाऊक असली तरी तिचे दुवे पुन्हा आठवणे इष्ट होईल. बारा वर्षांचा वनवास संपवून पांडव अज्ञातवासाचे तेरावे वर्ष विराट राजाच्या नगरीत काढतात. युधिष्ठिर कंक नावाने राजाच्या सभेत बसतो, भीम बल्लव होऊन मुदपाकखान्यात राबतो, आणि द्रौपदी सैरंध्री बनून राणी सुदेष्णेची वेणीफणी करते. सुदेष्णेचा भाऊ कीचक हा राज्याचा सेनापती आहे. विराट नावाचा राजा, पण राज्य चालते ते कीचकाच्या बळावर. त्याची वाईट नजर सैरंध्रीवर जाते. तो बहिणीकडे हट्ट धरतो, आणि सुदेष्णा मद्य आणण्याच्या निमित्ताने सैरंध्रीला त्याच्या महालात पाठवते. सैरंध्री कशीबशी सुटून राजसभेत धावत येते. कीचक भर सभेत तिला लाथ मारतो. राजा गप्प राहतो. कंकही तिला अंतःपुरात परत जाण्यास सांगतो. त्या रात्री ती मुदपाकखान्यात जाऊन भीमाला उठवते. पुढच्या रात्री नृत्यशाळेच्या अंधारात कीचकाचा अंत होतो.

रविवर्म्यांनी या दीर्घ कथेतून दोनच माणसे निवडली : सत्तेच्या मदात असलेला पुरुष आणि त्याच्यापासून अंग चोरणारी दासी. ही निवड त्यांच्या कलेला साजेशीच होती. १८४८ साली केरळातील किळिमानूर येथे जन्मलेल्या या चित्रकाराने युरोपीय पद्धतीचे तैलरंग आत्मसात केले आणि त्यांतून भारतीय पुराणकथा रंगवल्या. १८८८ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना चौदा पौराणिक चित्रांचे काम दिले. त्याच सुमारास त्यांच्या हातून मानवी मनाच्या कोंडीचे क्षण एकामागून एक उतरू लागले. दमयंतीचा विरह, तारामतीची विक्री, सैरंध्रीची भीती. १८९४ साली त्यांनी मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळील मळवलीस गेला. जे चित्र पूर्वी केवळ संस्थानिकाच्या दिवाणखान्यात दिसे, त्याच्या जातीचे चित्र आता काही आण्यांत सामान्य घरात येऊ लागले. कापसाच्या गाठी मुंबईला पाठवणाऱ्या वऱ्हाडातील व्यापाऱ्याकडे परतीच्या मालाबरोबर ही चित्रेही येणे स्वाभाविक होते.

चित्रातील मुकी माणसे बोलती करण्याचा प्रयोग जगात अन्यत्रही झाला आहे. जॉर्ज सोरा या फ्रेंच चित्रकाराने १८८४ ते १८८६ या काळात एक भव्य चित्र रंगवले. पॅरिसजवळच्या नदीकाठच्या बेटावर रविवारी फिरायला आलेली माणसे त्यात आहेत. सारे चित्र रंगाच्या बारीक ठिपक्यांनी बनलेले आहे आणि त्यातील माणसे एकमेकांकडे फारशी पाहतही नाहीत. सुमारे शंभर वर्षांनी, १९८४ साली, स्टीफन साँडहाइम आणि जेम्स लपाइन यांनी त्यावर अमेरिकेत संगीत नाटक केले. चित्रातील प्रत्येक माणसाला त्यांनी नाव दिले, घर दिले, भांडण दिले. पहिल्या अंकाच्या शेवटी ही भांडणारी माणसे आपापल्या जागी जाऊन उभी राहतात आणि प्रेक्षकांसमोर ते प्रसिद्ध चित्र साकार होते. त्या नाटकाचा विषय होता कलावंताचे एकाकीपण. खाडिलकरांचा मार्ग याहून वेगळा आहे. त्यांनी चित्रातील माणसांपेक्षा चित्राच्या चौकटीबाहेर राहिलेल्या माणसांना अधिक बोलते केले.

खाडिलकर १८७२ साली सांगलीत जन्मले. १८९७ पासून ते लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’त होते. अग्रलेख लिहिणारा हा माणूस रंगभूमीकडे करमणुकीचे साधन म्हणून पाहणारा नव्हता. ‘कीचकवध’ हे त्यांचे गद्य नाटक. पदांचा आधार नाही, वाद्यांचा मेळ नाही. जे काय ते संवादांच्या जोरावर. महाराष्ट्र नाटक मंडळीने ते रंगमंचावर आणले. रविवर्म्यांचे निधन ऑक्टोबर १९०६ मधले. त्यानंतर काही महिन्यांतच त्यांच्या सैरंध्रीला रंगमंचावर वाचा फुटली.

चित्रात केवळ कीचक आणि सैरंध्री दिसतात. नाटकात त्यांच्याभोवती सारी विराटनगरी उभी राहते. दुबळा राजा आहे. भावाच्या प्रतापाचा अभिमान आणि त्याच्या वागण्याची लाज या दोहोंत अडकलेली राणी आहे. धीर धरा, कायद्याने चला, अज्ञातवासाची मुदत संपू द्या, असे सांगणारा कंक आहे. ज्याच्या मनगटात बळ आहे पण ज्याचे हात वचनाने बांधलेले आहेत, असा बल्लव आहे. नाटकाचा ताण कीचक दुष्ट आहे की नाही यावर नाही, कारण ते पहिल्या प्रवेशापासून उघड आहे. ताण आहे तो भोवतालचे लोक काय करतात यावर. प्रत्येक प्रवेशात प्रेक्षकाला एकच प्रश्न टोचत राहतो : आता तरी कोणी उठणार का?

१९०७ च्या प्रेक्षकाने या प्रश्नाचा अर्थ क्षणात ओळखला. लॉर्ड कर्झन १८९९ ते १९०५ या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. १९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि देशभर असंतोष पेटला. प्रेक्षकांना कीचकात कर्झन दिसला, सैरंध्रीत पराधीन मायभूमी दिसली, कंकात अर्जविनंत्या करणारे मवाळ पुढारी आणि बल्लवात जहाल पक्ष दिसला. नाटकात या गोष्टींची नावे कोठेही नव्हती. पौराणिक वस्त्रांखाली वर्तमानकाळ चालत-बोलत होता.

वऱ्हाडातील माणसाला हे रूपक समजण्यासाठी बंगालपर्यंत जाण्याचीही गरज नव्हती. अमरावती, अकोला आणि भोवतालचा सारा वऱ्हाड प्रांत निजामाचा. १८५३ पासून त्याचा कारभार इंग्रजांच्या हाती होता, तरी निजामाचा हक्क कागदावर शिल्लक होता. १९०२ साली कर्झन यांनी निजामाशी नवा करार केला आणि दरसाल पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने घेतला. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडण्यात आला. ज्या भूमीत देशातील उत्तम कापूस पिके, तिचा हा व्यवहार दोन सत्ताधीशांत ठरला. तिथे राहणाऱ्या शेतकऱ्याला वा व्यापाऱ्याला कोणी काही विचारले नाही. भाडेपट्ट्याचा अर्थ व्यापाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. आपले घर, आपली जमीन, आणि तिचा करार आपल्याला न विचारता झालेला. ज्याच्या मनात हा सल होता, त्याला सभेत न्याय मागणाऱ्या सैरंध्रीचे दुःख परके वाटण्याचे कारण नव्हते.

अमरावतीचा मराठी रंगभूमीशी असलेला संबंधही याच काळात दृढ झाला. अमरावतीचे नामवंत वकील गणेश श्रीकृष्ण उपाख्य दादासाहेब खापर्डे हे टिळकांचे जिवलग सहकारी. १८९७ साली अमरावतीत राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, तेव्हा स्वागताची धुरा त्यांनी वाहिली. हेच दादासाहेब १९०५ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष होते. राजकारण आणि रंगभूमी ही दोन वेगळी क्षेत्रे आहेत, असे त्या पिढीला वाटतच नव्हते. पुढे अमरावतीच्याच वीर वामनराव जोशी यांनी ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ आणि ‘रणदुंदुभी’ ही नाटके लिहून हा वारसा चालवला. नाटक मंडळ्यांच्या दौऱ्यांना मुंबई-नागपूर लोहमार्गाने वऱ्हाड खुला करून दिला होता. भुसावळ सोडले की अकोला, बडनेरा, अमरावती ही कापसाच्या उलाढालीची गावे क्रमाने लागत, आणि हंगामात जेथे पैसा खेळे तेथे नाटकाच्या तिकिटालाही गिऱ्हाईक असे.

सरकारचे लक्ष ‘कीचकवधा’कडे गेले नसते तरच नवल. १९०८ साली टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेस गेले. दादासाहेब खापर्डे त्यांच्या सुटकेच्या खटपटीसाठी विलायतेस गेले. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग पाहण्यास आलेले कलेक्टर जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे या तरुणाने गोळ्या झाडल्या. नाट्यगृहातच झालेल्या त्या हत्येने सरकार हादरले. जानेवारी १९१० मध्ये ‘कीचकवधा’वर बंदीचा हुकूम निघाला. बंगालमधील नाटकांना आवर घालण्यासाठी १८७६ साली केलेला नाट्यप्रयोग नियंत्रणाचा कायदा येथे कामी आला. त्याच वर्षी व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने हिंदुस्थानातील असंतोषावर पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यात या नाटकाची, तसेच ते पाहणाऱ्या प्रेक्षकांच्या मुद्रांची सविस्तर दखल घेतली. याच पुस्तकावरून टिळकांनी पुढे लंडनच्या न्यायालयात चिरोलवर बदनामीचा दावा लावला. १९१९ साली त्याचा निकाल टिळकांच्या विरुद्ध गेला.

चित्रावर मात्र कोणी बंदी घातली नाही. चित्र पाहून मनात क्रोध येई, करुणा येई, पण तो ज्याचा त्याच्या मनात राही. नाट्यगृहात शेकडो माणसे एकाच वेळी श्वास रोखून बसतात आणि एकाच वेळी हुंकार देतात. सत्तेला भीती असते ती या एकत्र हुंकाराची.

कर्झन गेले, ते राज्यही गेले. मग आज या नाटकात काय उरले? रूपकाचा पडदा बाजूला केला की मूळ प्रसंग तसाच शिल्लक राहतो, आणि तो राजसभेपेक्षा पेढीच्या आणि घराच्या अधिक जवळचा आहे. विराट हा मालक. गादी त्याच्या नावाची, पण सारा व्यवहार पाहणारा, वसुली आणणारा, बाजारात दबदबा असणारा माणूस म्हणजे बायकोचा भाऊ. त्याच्यावाचून कारभार चालणार नाही, ही मालकाची खात्री. सैरंध्री ही पगारावर काम करणारी परकी स्त्री. तिने तक्रार केली तर कोणाचे ऐकायचे? सुदेष्णेला सारे माहीत आहे. तरीही ती सैरंध्रीला त्याच महालात पाठवते, कारण भावाला नाही म्हणण्यापेक्षा दासीला हुकूम देणे सोपे. आणि कंक? तो सज्जन आहे, शहाणा आहे. ही वेळ नव्हे, बोभाटा होईल, घराचे नाव जाईल, असे सांगणारा तो आहे.

प्रत्येक कुटुंबात आणि प्रत्येक दुकानात या भूमिका वाटून घेतलेल्या सापडतात. दुकानात कामाला येणारी मुलगी एके दिवशी अचानक यायची बंद होते. घरकामाची बाई एका विशिष्ट खोलीत एकटी जायला नकार देते. एखादी सून एका नातेवाइकाच्या येण्याच्या दिवशी माहेरी जाण्याचे निमित्त शोधते. कारण बहुधा घरातल्या दोघा-तिघांना कळलेले असते. चर्चा होत नाही. झाली तर ती दाराआड होते आणि ‘आता वाढवू नका’ या वाक्यावर संपते. कीचकाचे पाप कीचकाच्या माथी असते, हे खरे. परंतु त्याला पुन्हा तेच करण्याचे बळ भोवतालच्या मौनातून मिळते. व्यासांच्या कथेत सैरंध्री भर सभेत न्याय मागते, तेव्हा तिचा रोख लाथ मारणाऱ्यापेक्षा बसून राहिलेल्यांवर अधिक आहे. खाडिलकरांच्या नाटकाने ही सभाच रंगमंचावर आणली आणि प्रेक्षकालाही तिच्यात नेऊन बसवले.

येथे एक अडचण उभी राहते, आणि अहिंसा हा ज्यांच्या घरचा संस्कार आहे त्या वाचकाला ती विशेष जाणवेल. नाटक संपते ते वधावर. १९०७ च्या प्रेक्षकाला ते उत्तर हवे होते. पण अन्यायावर वध हेच एक उत्तर आहे काय? नाशिकच्या नाट्यगृहातील गोळ्यांनंतर हा प्रश्न केवळ तात्त्विक उरला नव्हता.

या प्रश्नाचे एक उत्तर जैन परंपरेच्या कोठारात बाराशे वर्षांहून अधिक काळ पडून आहे. पुन्नाट संघाचे आचार्य जिनसेन यांनी शके ७०५ मध्ये, म्हणजे इसवी सन ७८३ मध्ये, संस्कृतात ‘हरिवंशपुराण’ पूर्ण केले. आदिपुराणाचे कर्ते जिनसेन ते वेगळे. हरिवंशाची ही कथा पुढे जैन कवींनी मराठी ओवीतही आणली. जिनसेनांच्या पुराणात पांडव विराटनगरीत येतात, कीचक द्रौपदीवर मोहित होतो आणि भीम त्याला गाठतो. येथवर कथा ओळखीची आहे. पुढे ती वळण घेते. भीम कीचकाला भरपूर चोप देतो, परंतु जिवंत सोडतो. त्या अपमानातून कीचकाला स्वतःच्या वासनेची किळस येते. तो विरक्त होऊन मुनिदीक्षा घेतो. त्याच्या मनाची परीक्षा घेतली जाते. त्या परीक्षेत त्याचे चित्त ढळत नाही, आणि त्या स्थिरतेतून त्याला अवधिज्ञान प्राप्त होते. वैदिक परंपरेच्या कथेत जो मांसाचा गोळा होऊन पडतो, तो येथे मुनी होऊन उठतो.

हा शेवट वाचून कोणी म्हणेल की आचार्यांनी अपराध्याला फार स्वस्तात सोडले. कथा नीट वाचली तर तसे दिसत नाही. कीचकाचे मन बदलते ते भीमाने त्याला थांबवल्यानंतर. आधी प्रतिकार आहे, मग पश्चात्ताप आहे. द्रौपदीने क्षमा करावी, गप्प राहावे, म्हणजे तो आपोआप सुधारेल, असे आचार्य कोठेही सुचवत नाहीत. शिवाय पश्चात्ताप म्हणजे चार लोकांत ‘चुकले’ म्हणणे नव्हे. कीचक सेनापतिपद सोडतो, महाल सोडतो, ज्या सत्तेच्या जोरावर त्याने अपराध केला ती सत्ताच सोडतो. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणताना हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. क्षमा मागणाऱ्याने काय सोडले, यावर त्या शब्दांचे वजन ठरते. ज्याने काहीच सोडले नाही आणि ज्याच्या हाती पूर्वीच्याच किल्ल्या आहेत, त्याच्या क्षमायाचनेवर विसंबून पीडित व्यक्तीला पुन्हा त्याच खोलीत पाठवणे हे सुदेष्णेचेच काम पुन्हा करणे होय.

चित्र, नाटक आणि पुराण ही तिन्ही शेजारी ठेवली की प्रत्येकाचे दान वेगळे दिसते. रविवर्म्यांनी भीतीचा क्षण इतका जवळून दाखवला की पाहणाऱ्याला दृष्टी वळवता येऊ नये. खाडिलकरांनी त्या क्षणाभोवतीची सभा दाखवली आणि बसून राहणाऱ्यांना जबाबदार धरले. आचार्य जिनसेनांनी अपराध्याच्या आत्म्याचाही विचार केला आणि त्याच्या सुटकेची वाट खडतर असली तरी बंद नाही, हे सांगितले. पहिल्यावाचून करुणा जागत नाही, दुसऱ्यावाचून अन्याय थांबत नाही, आणि तिसऱ्यावाचून वैराला शेवट येत नाही.

या कथेचा प्रवास रंगभूमीवरही थांबला नाही. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे मुळात चित्रकार. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवण्यात त्यांनी आणि त्यांचे नातलग आनंदराव यांनी नाव मिळवले होते. १९२० साली बाबूरावांनी ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला. ज्या कथेला रविवर्म्यांनी रंग दिले आणि खाडिलकरांनी शब्द दिले, ती एका चित्रकाराच्या हाती पुन्हा निःशब्द झाली, पण आता ती हलू लागली होती. तो चित्रपट पाहून टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवले, अशी आठवण सांगितली जाते. कीचकवधाचा प्रसंग पडद्यावर इतका खरा वाटला की सेन्सॉरने त्याला कात्री लावली. म्हणजे तीस वर्षांनंतरही या कथेची धार बोथट झाली नव्हती.

आज अकोल्याचे प्रमिलाताई ओक सभागृह असो वा अमरावतीचे संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवन, समाजाच्या सांस्कृतिक कार्यक्रमांत मुले नाटिका सादर करतात. पर्युषणाच्या दिवसांत आणि महावीर जन्मकल्याणकाच्या निमित्ताने चंदनबालेची, नेमि-राजुलची कथा आवडीने होते. त्यांच्या जोडीला कीचकाची ही कथा, आचार्य जिनसेनांनी दिलेल्या शेवटासह, एकदा रंगमंचावर यावयास हरकत नाही. सारी सामग्री तयार आहे. पहिला प्रवेश रविवर्म्यांच्या चित्रासारखा स्थिर ठेवावा, केवळ दोन पात्रे, संवाद नाही. मग दिवे वाढावेत आणि मागे बसलेली सभा दिसावी.

अशा प्रयोगात सैरंध्रीची भूमिका मिळावी म्हणून मुलींत चुरस होईल, आणि भीम होण्यासाठी मुलांत. विराटाची भूमिका करण्यास कोणी सहसा पुढे येत नाही, कारण त्याला काही करायचेच नसते. दिग्दर्शकाने ती भूमिका जाणत्या मुलाला द्यावी आणि त्याला सांगावे की नाटकातील सर्वांत अवघड प्रसंग त्याचाच आहे. त्या प्रसंगात त्याला एकही वाक्य नाही. सैरंध्री न्याय मागते, सारी सभा त्याच्याकडे पाहते, आणि तो गप्प राहतो. ते मौन प्रेक्षागृहातील प्रत्येकाला असह्य झाले, तर प्रयोग साधला असे म्हणावे.